साठवण प्रणालीतील नेटवर्क पोर्टचे संरूपण व चाचणी

साठवण प्रणालीतील नेटवर्क पोर्टचे संरूपण म्हणजे ती प्रणाली ज्या जोडबिंदूंद्वारे संगणक जाळ्याला जोडलेली असते, त्यांचे पत्ते, वेग, चौकटीचा आकार आणि पर्यायी मार्ग ठरवून देण्याची प्रक्रिया होय. प्रत्येक जोडणी ठरवल्याप्रमाणे डेटा वाहून नेते का, तसेच एखादी जोडणी तुटल्यास काम दुसऱ्या मार्गाने अखंड चालू राहते का, हे त्यानंतरच्या चाचणीत तपासले जाते. व्यवहारात या कामाला पोर्ट कॉन्फिगरेशन आणि टेस्टिंग असे म्हणतात.

सामायिक साठवण प्रणालीमध्ये डिस्क सर्व्हरच्या आत नसतात. त्या स्वतंत्र पेटीत असतात आणि जाळ्यावरून अनेक सर्व्हरना उपलब्ध होतात. सर्व्हरला त्या स्वतःच्याच डिस्क असल्यासारख्या भासतात. त्यामुळे मधली जोडणी बिघडली की सर्व्हरच्या दृष्टीने डिस्कच नाहीशी होते. संकेतस्थळ उघडताना जोडणी क्षणभर तुटली तर पान पुन्हा मागवता येते. विदागाराची नोंद लिहिली जात असताना जोडणी दीर्घकाळ तुटली तर मात्र कार्यप्रणाली लेखन अयशस्वी ठरवते आणि संपूर्ण सेवा थांबू शकते. पोर्टवरील दिवा लागणे हा केवळ दोन उपकरणांमध्ये संकेतवहन सुरू झाल्याचा पुरावा असतो. ती जोडणी पूर्ण भार पेलेल किंवा संकटात पर्याय म्हणून उपयोगी पडेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून संरूपण आणि चाचणी ही एकाच कामाची दोन अंगे मानली जातात.

## ‘पोर्ट’ या संज्ञेचे दोन अर्थ

या विषयात ‘पोर्ट’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ भौतिक आहे: उपकरणाच्या मागील बाजूस असलेली, केबल बसवण्याची खाच. दुसरा अर्थ तार्किक आहे: टीसीपी किंवा यूडीपी या नियमावलींमध्ये एकाच पत्त्यावरील निरनिराळ्या सेवा वेगळ्या ओळखण्यासाठी वापरला जाणारा ० ते ६५५३५ या दरम्यानचा क्रमांक.

साठवण प्रणालीच्या संदर्भात आय-स्कझी सेवेचा तार्किक पोर्ट ३२६०, एनएफएसचा २०४९ आणि एसएमबीचा ४४५ असतो. भौतिक पोर्ट सुस्थितीत असूनही तार्किक पोर्ट अग्निभिंतीने अडवलेला असू शकतो. त्यामुळे दोन्हींची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते. या लेखात ‘पोर्ट’ हा शब्द अन्यथा स्पष्ट केले नसल्यास भौतिक अर्थाने वापरला आहे.

## पार्श्वभूमी

डिस्क आणि संगणक यांच्यातील संवादासाठीची स्कझी ही नियमावली १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली. तिची समांतर केबल काही मीटरपुरतीच मर्यादित असल्यामुळे डिस्क संगणकाच्या जवळच ठेवाव्या लागत. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस आणून संपूर्ण फाइल जाळ्यावरून उपलब्ध करून देण्याचा मार्ग रूढ केला. १९९४ मध्ये फायबर चॅनेल हे मानक मान्य झाले आणि स्कझीच्या आज्ञा खास साठवणीसाठी उभारलेल्या वेगळ्या जाळ्यावरून दूर नेणे शक्य झाले.

दरम्यान सर्वसाधारण जाळ्यासाठी इथरनेट हे तंत्र प्रस्थापित झाले होते. रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये त्यावर काम सुरू केले. १९८३ मध्ये आयईईई ८०२.३ हे मानक १० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगासाठी मान्य झाले. पुढे १९९५ मध्ये १०० मेगाबिट, १९९८ मध्ये १ गिगाबिट, २००२ मध्ये १० गिगाबिट आणि २०१० मध्ये ४० व १०० गिगाबिट या वेगांची मानके आली. २०१६ मध्ये आलेला २५ गिगाबिटचा वेगही सर्व्हर व साठवण प्रणालींच्या पोर्टवर आढळतो.

इथरनेटचा वेग वाढल्यावर साठवणीसाठी वेगळे जाळे उभारण्याऐवजी स्कझीच्या आज्ञा टीसीपीमध्ये गुंडाळून पाठवण्याची कल्पना पुढे आली. तिचे मानक आय-स्कझी या नावाने एप्रिल २००४ मध्ये आरएफसी ३७२० म्हणून प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने त्याची जागा घेतली. या बदलामुळे खर्च कमी झाला, परंतु स्थानिक केबलवर गृहीत धरलेली खात्री आता स्विच, पत्ते आणि मार्ग यांच्या अचूक मांडणीवर अवलंबून राहू लागली.

## पोर्टचे प्रकार

कामाच्या दृष्टीने साठवण प्रणालीवर साधारणपणे पुढील पोर्ट असतात.

* व्यवस्थापन पोर्ट: प्रशासक यातून प्रणालीची स्थिती पाहतो व बदल करतो. यातून वापरकर्त्यांचा डेटा जात नाही.
* डेटा पोर्ट: सर्व्हर यांच्याद्वारे डिस्क किंवा फाइल वापरतात.
* प्रतिकृती पोर्ट: दुसऱ्या ठिकाणच्या प्रणालीवर प्रत पाठवण्यासाठी. लहान प्रणालींमध्ये हे काम डेटा पोर्टकडूनच करून घेतले जाते.

माध्यमाच्या दृष्टीने पोर्ट तांब्याच्या केबलसाठी किंवा प्रकाशीय तंतूसाठी असतात. १० गिगाबिट वेगाला तांब्याची ‘कॅट ६ए’ केबल १०० मीटरपर्यंत चालते. ‘ओएम ३’ प्रकारच्या बहुपथी तंतूवर याच वेगाने कमी पल्ल्याचे मॉड्यूल ३०० मीटरपर्यंत, तर एकपथी तंतूवर लांब पल्ल्याचे मॉड्यूल १० किलोमीटरपर्यंत पोहोचते. एकाच कपाटातील उपकरणांसाठी दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तांब्याची आखूड केबल वापरली जाते. तंतूच्या दोन्ही टोकांची मॉड्यूल एकाच प्रकारची असणे आवश्यक असते.

## संरूपण

### पत्त्यांचे नियोजन

बहुतेक मध्यम आकाराच्या साठवण प्रणालींमध्ये दोन नियंत्रक असतात. एक बंद पडल्यास दुसरा त्याचे काम हाती घेतो. प्रत्येक नियंत्रकाचा एक पोर्ट पहिल्या स्विचला आणि दुसरा पोर्ट दुसऱ्या स्विचला जोडला जातो. आय-स्कझीसाठीची अशी एक नमुना मांडणी पुढीलप्रमाणे असू शकते.

* नियंत्रक क, पोर्ट १: १९२.१६८.१०.११, पहिला स्विच
* नियंत्रक क, पोर्ट २: १९२.१६८.२०.११, दुसरा स्विच
* नियंत्रक ख, पोर्ट १: १९२.१६८.१०.१२, पहिला स्विच
* नियंत्रक ख, पोर्ट २: १९२.१६८.२०.१२, दुसरा स्विच
* सर्व्हर, पोर्ट १: १९२.१६८.१०.५१, पहिला स्विच
* सर्व्हर, पोर्ट २: १९२.१६८.२०.५१, दुसरा स्विच

सर्व ठिकाणी उपजाळ्याचा मुखवटा २५५.२५५.२५५.० आहे. सर्व्हरपासून डिस्कपर्यंत यातून चार मार्ग मिळतात: पहिल्या स्विचमधून दोन आणि दुसऱ्या स्विचमधून दोन.

येथे दोन उपजाळी मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. सर्व्हरचे दोन्ही पोर्ट एकाच उपजाळ्यात असल्यास कार्यप्रणाली आपल्या मार्गसारणीनुसार बाहेर जाणारी सर्व पॅकेट एकाच पोर्टमधून पाठवण्याची शक्यता असते. वरवर दोन मार्ग दिसतात, प्रत्यक्षात एकच वापरला जातो. काही उत्पादक एकच उपजाळे वापरण्याची शिफारस करतात; अशा वेळी प्रत्येक सत्र विशिष्ट पोर्टशी बांधून द्यावे लागते.

डेटा पोर्टचे पत्ते सहसा कायमस्वरूपी ठरवून दिले जातात. स्वयंचलित पत्तावाटपावर अवलंबून राहिल्यास वीज परत आल्यानंतर पत्ता देणारा सर्व्हर स्वतःच साठवण प्रणालीची वाट पाहत असण्याचा प्रसंग येऊ शकतो. एकच पत्ता दोन उपकरणांना दिला गेल्यास जोडणी कधी चालते, कधी तुटते आणि दोष शोधणे कठीण होते. म्हणून नवा पत्ता देण्यापूर्वी तो जाळ्यावर आधीच वापरात नाही ना, याची एआरपीद्वारे खात्री केली जाते. साठवणीचे जाळे शक्यतो इंटरनेटकडे जाणाऱ्या मार्गाला जोडले जात नाही. म्हणून डेटा पोर्टवर बहुधा प्रवेशद्वाराचा पत्ता भरण्याची गरज नसते.

### वेग आणि संवादाची दिशा

दोन टोकांची उपकरणे आपापसांत वेग ठरवून घेतात, या प्रक्रियेला स्वयंवाटाघाट म्हणतात. १०० मेगाबिटच्या जुन्या जोडण्यांमध्ये एका टोकाला स्वयंवाटाघाट आणि दुसऱ्या टोकाला सक्तीने पूर्ण द्विमार्गी संवाद ठेवल्यास पहिले टोक वेग ओळखते, पण दिशा ओळखू शकत नाही आणि अर्ध द्विमार्गी संवाद निवडते. दिवा लागतो, साधी चाचणीही यशस्वी होते. भार वाढताच मात्र चौकटींची टक्कर होऊन वेग कोसळतो. तांब्याच्या केबलवरील गिगाबिट इथरनेटला स्वयंवाटाघाट अनिवार्य आहे, म्हणून तेथे दोन्ही टोकांना ती चालू ठेवली जाते.

### चौकटीचा आकार

इथरनेटची एक चौकट सामान्यतः १५०० बाइटपर्यंतचे पॅकेट वाहून नेते. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. साठवणीसाठी ती बहुधा ९००० बाइटपर्यंत वाढवली जाते. अशा चौकटींना जंबो फ्रेम हे नाव आहे.

यामागील हिशेब सोपा आहे. प्रत्येक चौकटीसोबत शीर्षके, तपासणी संकेत, आरंभसंकेत आणि दोन चौकटींमधील विराम मिळून ३८ बाइटचा अतिरिक्त बोजा असतो. शिवाय आयपी आणि टीसीपी यांची शीर्षके किमान ४० बाइट घेतात. १५०० च्या एमटीयूमध्ये तारेवरील १५३८ बाइटपैकी १४६० बाइट उपयुक्त असतात, म्हणजे सुमारे ९४.९ टक्के. ९००० च्या एमटीयूमध्ये ९०३८ पैकी ८९६० बाइट उपयुक्त असतात, म्हणजे सुमारे ९९.१ टक्के. तारेवरील बचत चार टक्क्यांच्या आसपास असली, तरी तेवढ्याच डेटासाठी हाताळाव्या लागणाऱ्या पॅकेटची संख्या सुमारे एक षष्ठांश होते आणि प्रक्रियकावरील भार हलका होतो.

या लाभासाठी मार्गावरील प्रत्येक उपकरणाने मोठी चौकट स्वीकारणे आवश्यक असते. सर्व्हर व साठवण प्रणाली ९००० वर आणि मधला स्विच १५०० वर असेल, तर स्विच मोठ्या चौकटी निमूटपणे टाकून देतो. मार्गनिर्धारक असता तर त्याने पॅकेट मोठे असल्याची सूचना परत पाठवली असती. केवळ चौकटी पुढे ढकलणारा स्विच तशी सूचना पाठवत नाही. सत्र सुरू करताना देवाणघेवाण होणारी पॅकेट लहान असल्यामुळे सत्र सुरू होते, डिस्कही दिसते, आणि पहिले मोठे वाचन वा लेखन करताच सर्व काही अडकते. स्विच तयार करणारे एमटीयूची मोजणी वेगवेगळ्या पद्धतीने करतात. काहींच्या आकड्यात शीर्षके धरलेली असतात. त्यामुळे स्विचवर ९२१६ यांसारखी मोठी मर्यादा ठेवण्याची पद्धत आहे.

### आभासी जाळे

एकाच स्विचवर साठवणीची वाहतूक इतर वाहतुकीपासून वेगळी ठेवण्यासाठी आभासी जाळे, म्हणजेच व्हीलॅन, वापरले जाते. आयईईई ८०२.१क्यू मानकानुसार चौकटीत चार बाइटची खूणचिठ्ठी घातली जाते. तिच्यातील १२ बिटांचा क्रमांक जाळे ओळखतो; वापरण्याजोगे क्रमांक १ ते ४०९४ हे असतात. खूणचिठ्ठी स्विचने लावायची की साठवण प्रणालीने, हे दोन्ही टोकांना सारखेच ठरलेले असावे लागते. एक टोक चिठ्ठी लावत असेल आणि दुसरे ती अपेक्षित करत नसेल, तर दिवा लागूनही एकही पॅकेट पलीकडे पोहोचत नाही.

### स्विचच्या पोर्टची तयारी

जाळ्यात वर्तुळाकार मार्ग तयार होऊ नयेत म्हणून स्विच स्पॅनिंग ट्री ही नियमावली पाळतात. तिच्या मूळ रूपात नव्याने सुरू झालेला पोर्ट ऐकणे आणि शिकणे या दोन अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद, असा एकूण ३० सेकंद थांबतो. नियंत्रक पुन्हा सुरू झाल्यावर त्याचा दिवा लगेच लागला, तरी या काळात डेटा जात नाही. म्हणून सर्व्हर आणि साठवण प्रणाली जोडलेले स्विचचे पोर्ट ‘कडेचे पोर्ट’ म्हणून घोषित केले जातात. असे पोर्ट ताबडतोब वाहतूक सुरू करतात.

### जोडण्यांचे एकत्रीकरण आणि बहुमार्ग

अनेक पोर्ट वापरण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत होणे ही नेहमीची चूक आहे.

पहिल्या पद्धतीत अनेक केबल मिळून एक तार्किक जोडणी तयार होते. तिचे मानक २००० मध्ये ८०२.३एडी म्हणून आले व २००८ मध्ये ८०२.१एएक्स या नावाने स्वतंत्र झाले. दोन्ही टोके एलएसीपी या नियमावलीने परस्परांची खात्री करून घेतात. कोणते पॅकेट कोणत्या केबलने जावे, हे पत्ते व तार्किक पोर्ट क्रमांक यांवरून काढलेल्या संख्येने ठरते. त्यामुळे एकच टीसीपी जोडणी नेहमी एकाच केबलने जाते. १० गिगाबिटच्या दोन केबल जोडल्या तरी एका सर्व्हरच्या एका जोडणीला १० गिगाबिटपेक्षा अधिक वेग मिळत नाही. अनेक सर्व्हर असल्यास मात्र एकूण वाहतूक विभागली जाते. एनएफएस व एसएमबी या फाइल सेवांसाठी ही पद्धत सोयीची असते. दोन वेगळ्या स्विचवर असे एकत्रीकरण करायचे असल्यास ते स्विच एकच असल्याप्रमाणे वागण्याची क्षमता असलेले हवेत.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पोर्टचा पत्ता वेगळा राहतो आणि सर्व्हरवरील बहुमार्ग आज्ञावली एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग ओळखून त्यांचा वापर करते. आय-स्कझीसाठी सर्वसाधारणपणे हीच पद्धत निवडली जाते, कारण मार्ग बिघडल्याचे सर्व्हरला स्वतः कळते आणि अपूर्ण राहिलेली आज्ञा तो दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवू शकतो. बहुमार्ग आज्ञावली बसवली नाही, तर एकच डिस्क सर्व्हरला चार वेगवेगळ्या डिस्क म्हणून दिसते. त्या वेगळ्या समजून वापरल्यास डेटा नष्ट होण्याचा धोका असतो.

## चाचणी

चाचणी खालच्या थरापासून वरच्या थराकडे केली जाते. खालचा थर सिद्ध झाल्याशिवाय वरच्या थराच्या निकालाला अर्थ नसतो. शक्य असल्यास ही सर्व चाचणी प्रणालीवर खरा डेटा येण्यापूर्वी पूर्ण केली जाते. चालू प्रणालीवर ती करायची असल्यास पूर्वसूचना देऊन आणि प्रतींची खात्री करून केली जाते.

### भौतिक जोडणी

प्रथम प्रत्येक केबल ठरलेल्या खाचेतच आहे का, हे पाहिले जाते. एका नियंत्रकाचे दोन्ही पोर्ट चुकून एकाच स्विचला जोडले गेले, तर दैनंदिन कामात काहीही जाणवत नाही. तो स्विच बंद पडेल त्या दिवशीच चूक उघडी पडते. स्विचवर शेजारी उपकरणाची ओळख दाखवणारी सुविधा असल्यास तिच्या आधारे आराखडा पडताळता येतो. ती नसल्यास एकेक केबल काढून नेमका कोणता पोर्ट बंद झाला, हे पाहिले जाते. त्यानंतर ठरलेला वेग तपासला जातो. १० गिगाबिटची अपेक्षा असताना १ गिगाबिट दिसणे हे सहसा केबल, मॉड्यूल किंवा स्विचच्या पोर्टमधील दोषाचे लक्षण असते.

### पोहोच

पुढची पायरी पिंग या आज्ञेची आहे. ती माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करताना लिहिली. सर्व्हरच्या प्रत्येक पोर्टवरून त्याच उपजाळ्यातील प्रत्येक नियंत्रकाच्या पोर्टला पिंग केले जाते. वरील नमुन्यात अशा चार चाचण्या होतात. आज्ञेत उगमाचा पोर्ट स्पष्ट सांगणे महत्त्वाचे असते. अन्यथा कार्यप्रणाली स्वतःच्या पसंतीचा पोर्ट वापरते आणि दुसरा पोर्ट न तपासताच राहतो.

### मोठी चौकट

साधे पिंग काही दशक बाइटचे असते. त्यामुळे जंबो फ्रेमविषयी त्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करणारा पर्याय देऊन ८९७२ बाइटचे पिंग पाठवले जाते. आयपी शीर्षकाचे २० आणि आयसीएमपी शीर्षकाचे ८ बाइट मिळवले की बेरीज बरोबर ९००० होते. तुकडे करण्यास मनाई केली नाही, तर मोठे पॅकेट लहान तुकड्यांत जाऊन परत येते आणि सदोष मांडणीही निर्दोष भासते. ८९७२ चे पिंग जात नसेल आणि १४७२ चे जात असेल, तर मार्गात कोठेतरी एमटीयू १५०० राहिला आहे, असे अनुमान निघते.

### सेवा

पत्ता पोहोचतो म्हणजे सेवा मिळते, असे नाही. म्हणून संबंधित तार्किक पोर्ट उघडा आहे का, हे टीसीपी जोडणी करून पाहिले जाते. आय-स्कझीमध्ये त्यानंतर उपलब्ध लक्ष्यांचा शोध घेतला जातो, प्रत्येक पत्त्यावर सत्र सुरू केले जाते आणि सर्व्हरला दिसणाऱ्या मार्गांची संख्या मोजली जाते. नमुना मांडणीत ती चार असायला हवी. तीन मार्ग दिसत असतील तर प्रणाली चालेल. परंतु हरवलेला चौथा मार्ग दुरुस्त केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानले जात नाही.

### वेगमापन

प्रथम आयपर्फ यांसारख्या साधनाने डिस्क वगळून केवळ जाळ्याचा वेग मोजला जातो. साठवण प्रणालीवर असे साधन नसल्यास त्याच स्विचला जोडलेल्या दोन सर्व्हरमध्ये मापन करता येते. १० गिगाबिटच्या जोडणीवर १५०० च्या एमटीयूसह सुमारे ९.४ ते ९.५ गिगाबिट ही व्यावहारिक कमाल मर्यादा असते. जाळ्याचा आकडा समाधानकारक आल्यावरच डिस्कवरील वाचन-लेखनाचा वेग मोजला जातो. दोन्ही मापने वेगळी ठेवल्यामुळे संथपणाचे मूळ जाळ्यात आहे की डिस्कमध्ये, हे स्पष्ट होते. १० गिगाबिट प्रतिसेकंद म्हणजे १२५० मेगाबाइट प्रतिसेकंद. बिट आणि बाइट यांची गल्लत झाल्यास निष्कर्ष आठपटीने चुकतो.

### खंडचाचणी

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी चाचणी म्हणजे जोडणी मुद्दाम तोडून पाहणे. तिचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

* सर्व्हरवर सतत लेखन व वाचन सुरू केले जाते आणि लिहिलेल्या डेटाचे पडताळणी मूल्य नोंदवले जाते.
* एक केबल काढली जाते आणि काम किती सेकंद थबकले, याची नोंद होते.
* केबल परत बसवून तो मार्ग सर्व्हरच्या यादीत पुन्हा कार्यरत दिसेपर्यंत वाट पाहिली जाते.
* हीच कृती प्रत्येक केबलसाठी, मग प्रत्येक स्विचसाठी आणि शेवटी प्रत्येक नियंत्रकासाठी केली जाते.
* अखेरीस डेटा पुन्हा वाचून पडताळणी मूल्य तेच आहे का, हे पाहिले जाते.

तिसरी पायरी वगळून घाईने पुढची केबल काढल्यास दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद होतात आणि चाचणीच अपघात ठरते.

थबकण्याचा काळ सर्व्हरवरील कालमर्यादांवर अवलंबून असतो. लिनक्सवरील ओपन-आयस्कझी या आज्ञावलीत तुटलेले सत्र पुन्हा जुळण्याची वाट पाहण्याची मूळ मर्यादा १२० सेकंद आहे. एकच मार्ग असताना ती योग्य ठरते, कारण घाईने त्रुटी जाहीर करण्यापेक्षा वाट पाहणे बरे. बहुमार्ग असताना मात्र ती काही सेकंदांवर आणली जाते, जेणेकरून आज्ञा लवकर दुसऱ्या मार्गाकडे वळेल. एकत्रीकरणाच्या पद्धतीतही असाच फरक दिसतो: एलएसीपीच्या संथ प्रकारात मूक झालेला जोडीदार ओळखण्यास ९० सेकंद लागतात, जलद प्रकारात ३ सेकंद. हे आकडे कागदावर ठरवता येतात. ते प्रत्यक्षात लागू झाले आहेत की नाहीत, हे केबल काढल्यावरच कळते.

## त्रुटींची मोजणी आणि डेटाची शुद्धता

प्रत्येक पोर्ट आपल्याला मिळालेल्या सदोष चौकटींची मोजणी ठेवतो. चाचणीपूर्वी हे आकडे शून्य करून किंवा टिपून ठेवून, पूर्ण भाराच्या चाचणीनंतर पुन्हा पाहिले जातात. १० गिगाबिट इथरनेटच्या मानकाला १ वर १२ शून्ये इतक्या बिटांमागे एक चूक मान्य आहे. पूर्ण वेगाने एवढे बिट १०० सेकंदांत जातात. चांगली जोडणी या मर्यादेपेक्षा पुष्कळ सरस असते आणि तासन् तास मोजणी शून्यावर राहते. मोजणी सतत वाढत असल्यास वाकलेली केबल, धूळ बसलेले तंतूचे टोक किंवा दुबळे मॉड्यूल यांचा संशय घेतला जातो. प्रकाशीय मॉड्यूल मिळणाऱ्या प्रकाशाची तीव्रताही सांगू शकतात. ती स्थापनेच्या दिवशी नोंदवून ठेवल्यास पुढील काळातील घट ओळखता येते.

चौकट सदोष आढळल्यास ती टाकून दिली जाते आणि टीसीपी ती माहिती पुन्हा पाठवते. त्यामुळे वेग घटतो, पण डेटा बिघडत नाही, असे सामान्यतः मानले जाते. मात्र चौकटीचा तपासणी संकेत प्रत्येक उपकरणात नव्याने काढला जाऊ शकतो. उपकरणाच्या स्मृतीत झालेला बिघाड त्यातून निसटतो. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंटरनेटवरील वाहतुकीच्या नमुन्यांत ११०० ते ३२००० पॅकेटमागे एक पॅकेट टीसीपीच्या तपासणीत सदोष ठरल्याचे आढळले. खालच्या थराची तपासणी पार करूनही ही पॅकेट चुकीची होती. टीसीपीचा तपासणी संकेत केवळ १६ बिटांचा असल्याने काही चुका त्यातूनही सुटू शकतात. याच कारणाने आय-स्कझीमध्ये शीर्षक आणि डेटा यांसाठी सीआरसी-३२सी हा अतिरिक्त तपासणी संकेत वापरण्याची ऐच्छिक सोय आहे. ती चालू केल्यास प्रक्रियकावर थोडा भार येतो, परंतु सर्व्हरपासून साठवण प्रणालीपर्यंतच्या संपूर्ण प्रवासात डेटाची पडताळणी होते.

## सुरक्षा

आय-स्कझीमध्ये ओळख पटवण्यासाठी चॅप ही पद्धत वापरली जाते. मात्र ती डेटा कूटबद्ध करत नाही. जाळ्यावर ऐकणाऱ्याला वाहतूक वाचता येऊ नये म्हणून साठवणीचे जाळे वेगळे ठेवणे किंवा आयपीसेक वापरणे आवश्यक असते. कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसावी, याचे बंधनही साठवण प्रणालीवर घातले जाते. सामूहिक वापरासाठी तयार नसलेली एकच डिस्क दोन सर्व्हरनी एकाच वेळी लिहिण्यास घेतल्यास तिच्यावरील फाइलरचना बिघडते. व्यवस्थापन पोर्ट डेटा जाळ्यापासून स्वतंत्र ठेवला जातो, त्याचा मूळ परवलीचा शब्द बदलला जातो आणि वापरात नसलेले पोर्ट बंद केले जातात.

## नोंदी आणि पुनर्चाचणी

काम संपल्यावर प्रत्येक पोर्टचा पत्ता, स्विचवरील खाच, केबलवरील खूण, एमटीयू, मोजलेला वेग आणि खंडचाचणीतील थबकण्याचा काळ यांची नोंद ठेवली जाते. पुढे संथपणाची तक्रार आल्यास तुलनेसाठी हीच आधाररेषा उपयोगी पडते. स्विच बदलणे, नियंत्रकाची आज्ञावली अद्ययावत करणे किंवा नवा सर्व्हर जोडणे अशा प्रत्येक बदलानंतर मोठ्या चौकटीची आणि मार्गसंख्येची चाचणी पुन्हा केली जाते. पर्यायी मार्ग रोजच्या कामात दिसत नसल्यामुळे त्याचा बिघाडही दिसत नाही. नियमित चाचणी हाच तो वेळेवर ओळखण्याचा खात्रीचा उपाय आहे.

## हे सुद्धा पहा

* इथरनेट
* आय-स्कझी
* एनएफएस
* संगणक जाळे
* टीसीपी
* विदागार